जुनी टाटा १२१० परत परत एअर घेते? आधी टाकीत डिझेल किती आहे ते बघा

ज्यांच्याकडे जुनी नाकवाली टाटा आहे, किंवा कोणतीही जुनी डिझेल गाडी हौसेनं उभी करायला घेतली आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय, कारण एअर घेणं, म्हणजे डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरणं, या एकाच दुखण्यात माझे अकरा महिने गेले आणि तीन मिस्त्री झाले, आणि शेवटी सापडलं ते अगदी साधं होतं.

आधी लक्षणं सांगतो, तुमच्या गाडीशी जुळतात का बघा. रात्री चांगली उभी केलेली गाडी सकाळी सेल्फ मारला की एकदा भुरकन चालू होते आणि पाच-दहा सेकंदात बंद पडते, मग कितीही सेल्फ मारा, नाही. फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा, हातपंप पंचवीस-तीस वेळा मारला की पुन्हा चालू. सपाट रोडवर रिकामी चालवली तर काही नाही, पण चढ लागला किंवा माल भरलेला असला की इंजिनचा आवाज खालीवर व्हायला लागतो, पांढरा धूर टाकते, ताकद जाते आणि मग मरते. एअर काढली की परत नीट, पण तेवढ्यापुरतंच. आणि मुख्य म्हणजे कुठेच डिझेलचा थेंब गळत नाही, खालून हात फिरवला तर हात कोरडा. धूर काळा असेल तर तुमची गोष्ट वेगळी आहे, तुम्ही एअर फिल्टर आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) बघा.

गाडी माझ्या मोठ्या बाबांची. १९७४ मॉडेल, १२१०. आर्वीच्या बाजूचं आमचं गाव, कापसाच्या सीझनमध्ये ही गाडी आर्वी-पुलगाव-हिंगणघाट जिनिंगला रात्रंदिवस चालायची, आणि गावातली म्हातारी माणसं तिला अजून ‘बेंझ’च म्हणतात. टाटाचा आणि डेम्लर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ होता, तो संपल्यावर गाडीच्या तोंडावरचा तारा गेला आणि टाटाचा ‘टी’ आला, आमची तर त्याच्याही नंतरची, पण नाव लोकांच्या तोंडात बसलं ते बसलं. इंजिन ६९२, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर, ४७८८ सीसी. मोठे बाबा गेल्यावर चौदा वर्षं ती खळ्यात कडुनिंबाखाली उभी होती, कोंबड्या केबिनमध्ये अंडी द्यायच्या. भंगारवाला दोनदा येऊन भाव करून गेला तेव्हा मी ठरवलं की ही द्यायची नाही.

केबिनचं लाकूड सगळं सडलं होतं ते नवीन केलं, मागच्या डाल्याला आमच्या पाडलेल्या जुन्या घराचं सागवान लावलं, त्या फळ्यांवर रंधा मारल्यावर जो वास सुटला तो मी विसरणार नाही. डाल्यात दोन्ही बाजूंनी घडीचे बाक, वर ताडपत्रीची फ्रेम, म्हणजे घरच्या सगळ्यांना घेऊन कुठेही जाता यावं. इंजिन उघडलं नाही, फक्त टॅपेट, पाणी, ऑईल, आणि ते पहिल्याच दिवशी सुरू झालं. डिझेलची टाकी मात्र जुनीच ठेवली, आतून धुऊन घेतली आणि बाहेरून रंग दिला. आणि एक गोष्ट मी माझ्या मनानं नवीन लावली, टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये पारदर्शक वाटीचा वॉटर सेपरेटर, कारण जुन्या टाकीत पावसाळ्यात पाणी धरतं. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे दोन्ही येणार आहेत.

पहिल्यांदा बंद पडली ती तळेगावच्या घाटात, घरची सहा माणसं मागे, दुपारचे दोन, मे महिना. कशीबशी एअर काढून घरी आणली. गावातल्या मिस्त्रीनं सांगितलं फीड पंप कमजोर झाला, किट टाका. टाकलं, दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, ट्रायल घ्यायला जाताना पंपावर टाकी फुल केली आणि गाडी अशी चालली की विचारू नका. मला वाटलं झालं काम. पंधरा दिवसांनी परत तेच. मग दुसऱ्यानं सांगितलं की नोझल आणि मेन पंप, म्हणजे नोझलला जोरात डिझेल दाबून देणारा पंप, दाखवा, ते काढून अमरावतीला नेले, टेस्टिंग बेंचवर लावून आणले, आल्यावर परत बसवलं, टाकी भरली, गाडी झकास. तीन आठवड्यांनी परत. तिसऱ्यानं सगळे रबरी पाईप आणि क्लिपा बदलल्या, ट्रायल घेतली, टाकी अर्थातच भरून घेतली होती कारण लांब जायचं होतं, आणि लांब जाऊन आलो काही झालं नाही, पण पोळ्याच्या दिवशी बैलांसोबत मिरवायला काढली, बेगड लावली, झूल टाकली, आणि ती मारुतीच्या पाराजवळ चढावर अशी बंद पडली की शेवटी ट्रॅक्टरनं ओढून आणावी लागली. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आता वरचा परिच्छेद पुन्हा वाचा आणि त्यात प्रत्येक वेळी कोणती एक गोष्ट झाली ते बघा. मला ते दिसलं नव्हतं. दिसलं ते आमच्या गावातल्या एका ड्रायव्हर काकांना, ज्यांनी तीस वर्षं हीच गाडी चालवली. ते आले, इंजिनला हातसुद्धा लावला नाही, फक्त विचारलं, "बंद पडली तवा डिझेल किती होतं?"

मी म्हटलं, काका, काटा चालत नाही, पण होतं, संपलं नव्हतं.

"थे मी नाई विचारून राहिलो. किती होतं?"

मला सांगता येईना. तेव्हा ते म्हणाले, "तू दर वख्ती पार्ट बदलवते अन् टाकी भरते. मंग गाडी पार्टानं सुदरली का टाकीनं, हे तुले कसं समजन? आता काही बदलवू नको. नुसतं मोजत जा."

भावांनो, तीन दुरुस्त्यांपैकी एकही दुरुस्ती दुरुस्ती नव्हती, प्रत्येक वेळी गाडी टाकी भरल्यामुळे चालली होती आणि श्रेय नवीन पार्टला गेलं. फीड पंपाचं जुनं किट, नोझल, पाईप, यातलं काहीच खराब नव्हतं. माझे साधारण अठरा हजार यात गेले.

मग मोजायला लागलो. आधी तुराटी टाकून बघायचो पण तिचं सालपट टाकीत सुटतं, ते करू नका, नंतर आईच्या शिलाई मशीनजवळची लाकडी मीटरपट्टी घेतली. टाकी आतून साधारण १७ इंच खोल आहे. गाडी सपाट जागी उभी करून रोज सकाळी पट्टी टाकायची, किती इंच ओली झाली ते वहीत लिहायचं, आणि समोर लिहायचं की एका सेल्फला चालू झाली का हातपंप मारावा लागला. तीन आठवडे हेच केलं, डिझेल भरलं नाही, फक्त गावातल्या गावात चालवत संपवत गेलो. १५ इंच, १३ इंच, ११ इंच, एका सेल्फला. साडेनऊ, एका सेल्फला. साडेआठ इंचाला हातपंप मारावा लागला, आणि त्याच्यानंतर रोजच. परत दहा लिटरचा डबा ओतला, पातळी नऊच्या वर गेली, दुसऱ्या दिवशी एका सेल्फला. आता शंका राहिली नव्हती की टाकीच्या आत, तळापासून साडेआठ-नऊ इंचावर काहीतरी आहे.

याच्यामागचं गणित समजून घ्या म्हणजे तुमच्या गाडीत वेगळं काही असलं तरी शोधता येईल. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन ओढणारी आहे, तिच्यात दाब नसतो, ओढ असते. म्हणून तिथे भोक असलं तर चालत्या गाडीत डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि आपण खालून हात फिरवून कोरडं आहे म्हणून समाधान मानतो. फीड पंपाच्या पुढे फिल्टर आणि मेन पंपापर्यंत दाब असतो, तिथे जॉईंट ढिला असला तर डिझेल गळतं आणि दिसतं. म्हणजे कोरडी गाडी एअर घेत असेल तर फीड पंपाच्या पुढचं काही उघडायच्या आधी मागचं बघा. आणि हवा आत गेली तर इंजिन का मरतं, तर मेन पंप डिझेल दाबतो तेव्हा दाब लगेच वाढतो आणि नोझल उघडतं, पण मधात हवेचा बुडबुडा असला तर पंप तो बुडबुडाच दाबत बसतो, हवा दबते, नोझल उघडायला लागतो तेवढा दाब तयारच होत नाही. थोडी हवा असली तर एखाद-दुसरा सिलिंडर चुकतो आणि अर्धवट जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन निघतं, जास्त झाली की सगळंच बंद. चढावर जास्त होतं कारण एक तर डिझेलची ओढ वाढते, दुसरं टाकीतलं डिझेल मागे सरकतं आणि पुढच्या बाजूची पातळी खाली जाते.

रात्रीचंही तेच. इंजिन बंद झालं की लाईनमधलं डिझेल तिथेच थांबून राहायला पाहिजे, पण वरून हवा शिरायला जागा मिळाली तर ते हळूहळू टाकीत उतरतं. घरच्या घरी बघायचं असेल तर एक रात्र गाडी उतारावर नाक खाली करून लावा, दुसऱ्या रात्री नाक वर करून. नाक खाली असताना सकाळी लगेच लागली आणि नाक वर असताना नाही लागली तर ओढणाऱ्या लाईनमध्ये हवा शिरते आहे, जवळजवळ पक्कं.

तरीसुद्धा मी टाकी उतरवायच्या आधी दोन गोष्टी केल्या आणि तुम्हीही करा, कारण टाकी उतरवणं मेहनतीचं काम आहे.

एक म्हणजे लेव्हल पाईप. गवंडी लोक लेव्हल काढायला जो पारदर्शक पाईप वापरतात त्याचा हातभर तुकडा फीड पंपाच्या अगदी आधी लाईनमध्ये जोडला, दोन्हीकडून चांगल्या क्लिपा, आणि इंजिन सुरू करून बसून बघितलं. टाकीतली पातळी वर असताना काचेसारखं डिझेल. पातळी खाली गेल्यावर आधी साबुदाण्याएवढे बुडबुडे, मग रेस दिली की बुडबुड्यांची माळच. हा पाईप फक्त तपासायला, कायमचा ठेवू नका, डिझेलनं तो कडक होतो आणि तडकतो. दुसरं म्हणजे डबा. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात डिझेल घेऊन तो बोनेटच्या बाजूला, फीड पंपापेक्षा उंच बांधला, टाकीकडून येणारी लाईन काढून ठेवली आणि डब्यातून सरळ पंपाला पाईप दिला, दुसरा पाईप रिटर्नसाठी, म्हणजे उरलेलं डिझेल परत डब्यात यायला. दोन तास चालवली, वावराच्या बांधावर चढवली, एकदाही दम टाकला नाही. डब्यावर गाडी नीट चालली तर फीड पंप, फिल्टर, मेन पंप, नोझल हे सगळे एका झटक्यात सुटले, आता फक्त टाकी आणि लाईन. ही परीक्षा मी पहिल्या दिवशी केली असती तर अमरावतीला पंप गेलाच नसता. डबा चांगला पक्का बांधा आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा, एवढं मात्र नक्की पाळा.

मधात एक फसवणारी गोष्ट सांगून ठेवतो. टाकीच्या झाकणाला किंवा वरच्या बारीक नळीला हवेसाठी भोक असतं, डिझेल जेवढं जाईल तेवढी हवा आत यायला पाहिजे. आमच्याकडे कुंभारीण माशी, ती मातीचं घर करणारी, कुठलंही भोक दिसलं की दोन दिवसांत चिखलानं बुजवून टाकते, आणि उभ्या गाडीत तर नक्कीच. ते भोक बुजलं तरी गाडी अशीच मरते, पण ओळखायला सोपं आहे, बंद पडल्याबरोबर झाकण उघडा, फुस्स करून हवा आत ओढल्याचा आवाज आला तर तेच दुखणं. आणि हे भरलेल्या टाकीलाही होतं. माझ्याही टाकीचं भोक अर्धं बुजलेलं निघालं, तार घालून साफ केलं, पण सकाळचा त्रास तसाच राहिला म्हणजे तो आजार वेगळा होता.

मग टाकी रिकामी केली आणि वरचा फ्लँज, म्हणजे बोल्टनं बसवलेली चकती, उघडून आतला पिकअप पाईप बाहेर काढला. हा पाईप टाकीच्या वरून आत उतरतो आणि तळापासून बोटभर उंचावर संपतो, सगळं डिझेल त्याच्यातूनच वर जातं. पट्टी लावून मोजलं. तळापासून पावणेनऊ इंचावर, पाईपच्या मागच्या बाजूला, गंजाची एक खपली होती आणि तिच्यावर नखानं टोकरल्याबरोबर सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं. एका टोकाला बोट लावून पाण्यात बुडवून फुंकलं तर तिथूनच बुडबुडे. भोक डिझेलखाली बुडालेलं असेपर्यंत त्यातून डिझेलच आत यायचं, पातळी खाली गेली की हवा. वहीतला आकडा आणि हे भोक जुळलं तेव्हा मी काकांना खळ्यातूनच फोन लावला.

कारण माझ्या अंदाजानं असं की ती चौदा वर्षं उभी होती तेव्हा टाकीत अर्धं डिझेल होतं आणि पातळी तिथेच थांबून होती, डिझेलच्या खालचा लोखंड वाचतो, पण वरच्या भागाला दमट हवा लागते, आणि ज्या रेषेवर दोन्ही भेटतात तिथेच गंज जास्त खातो. तेव्हा ज्यांची गाडी अशी वर्षानुवर्षं उभी राहिलेली आहे त्यांनी टाकी नुसती आतून धुऊ नका, पिकअप पाईप बाहेर काढून त्याच्यात हवा मारून बघा. मी टाकी धुतली तेव्हा तो पाईप नुसता वरून पुसला होता.

दुरुस्ती: जुना पाईप झाळून वापरता आला असता, पण एका जागी गंज खाल्लेला पाईप दुसऱ्या जागीही खाल्लेलाच असतो म्हणून त्याच जाडीचा नवीन पाईप घेऊन फ्लँजला पितळी वेल्डिंग करून घेतलं. फ्लँज आणि पाईप हे टाकीबाहेर काढून दुकानात नेऊनच झाळा. टाकीला स्वतःला वेल्डिंग लावायची असेल तर रिकामी आहे म्हणून लावू नका, रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते, ज्याला टाकीचं काम येतं आणि जो पाणी भरून करतो त्याच्याकडेच द्या. खालच्या टोकाला तिरका काप द्या म्हणजे तळाला टेकला तरी तोंड बंद होणार नाही. फ्लँजखालची पॅकिंग नवीन.

इथे संपायला पाहिजे होतं पण नाही संपलं. टाकीत डिझेल कमी असतानाही दिवसभर मस्त चालायला लागली, घाटही चढली, पण तीन-चार सकाळी मिळून एखाद्या दिवशी हातपंप मागायचीच. लेव्हल पाईप परत लावला तर पाच मिनिटांत एखादा बुडबुडा. हे दुसरं छिद्र होतं, आणि ते पहिल्याच्या आड लपलं होतं. टाकीच्या बाजूनं एक-एक जोड घेत आलो: लाईन दोन्हीकडून सोडवली, एक टोक बंद केलं, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप लावून अगदी हलकी हवा दिली आणि प्रत्येक जोडावर निरम्याचा फेस लावला. टाकीला किंवा वाटीला कॉम्प्रेसर लावू नका, टाकी फुगते आणि वाटी फुटते. फेस फुगला तो मीच हौसेनं लावलेल्या वॉटर सेपरेटरवर, खालच्या पाणी सोडायच्या स्क्रूच्या रबरी रिंगजवळ, आणि थोडासा त्याच्या बंजो बोल्टवर, म्हणजे ज्याच्या आतून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टवर. रिंग नवीन टाकली. बंजोचे तांब्याचे वायसर मी जुनेच वापरले होते, ते एकदा दाबले गेले की कडक होतात आणि परत बसत नाहीत. नवीन मिळाले तर नवीन घ्या, नाही मिळाले तर जुना वायसर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, तांबं परत मऊ होतं, मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजूंनी घासून सपाट करा. बंजोला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिथे हवा आटे थांबवत नाहीत, वायसर थांबवतो, आणि टेपचा तुकडा सुटून फीड पंपाच्या वॉल्व्हमध्ये अडकला तर नवीन दुखणं. एम-सीलचे गोळेही नको, पुढच्या वेळी उघडताना फार त्रास होतो. सेपरेटर मी काढला नाही, चांगली वस्तू आहे, फक्त लाईनमध्ये जेवढे जोड वाढवाल तेवढ्या हवा शिरायच्या जागा वाढतात म्हणून मधला एक जोड कमी करून तो फीड पंपाच्या जवळ घेतला.

एअर काढायची पद्धत बऱ्याच जणांची उलटी असते म्हणून लिहितो. सुरुवात टाकीच्या बाजूनं. फीड पंपाचा हातपंप फिरवून सोडवा, फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू ढिला करा आणि मारत राहा, फेस यायचा बंद होऊन सलग डिझेल आलं की हात चालू ठेवूनच स्क्रू आवळा. मग तेच मेन पंपावरच्या स्क्रूला. एवढ्यात बहुतेक वेळा गाडी लागते. नाही लागली तर नोझलकडचे पाईपचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल यायला लागलं की एक-एक आवळा, आणि त्या वेळी तोंड आणि हात त्याच्यासमोर धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत जातं आणि तो दवाखान्याचाच मामला आहे. शेवटी हातपंपाची मूठ परत घट्ट बसवायला विसरू नका, ती ढिली राहिली तर तिथूनही हवा जाते आणि तुम्ही परत पहिल्या पानावर.

आणि ट्रायल. दुरुस्ती कोणतीही करा, ट्रायलला टाकी भरू नका. डिझेल ज्या पातळीला त्रास द्यायचं त्याच्या खाली ठेवा, डब्यात पाच लिटर वेगळं सोबत घ्या, आणि ज्या चढावर बंद पडली त्याच चढावर न्या. मी पट्टीवर पाच इंच असताना तळेगावच्या घाटात नेली, मागे कापसाचे बोंद टाकले होते, काका बाजूला बसले होते. वर पोचेपर्यंत ते काही बोलले नाहीत, नुसता आवाज ऐकत होते, वर आल्यावर म्हणाले, "आता काटा बसव याले."

काटा बसवला आहे. जुन्या फ्लोटची तार गंजून तुटली होती, ती बदलली, वायर नवीन टाकली, आणि मीटरपट्टीनं मोजून काट्यावर नऊ इंचाच्या जागी लाल रंगाची बारीक रेघ मारली आहे. वही अजून चालू आहे, काल सकाळी सहा इंच होतं, एका सेल्फला लागली.